घाटावरचा पाणबुड्या

कोल्हापूरच्या माणसाने समुद्रावर बोलावे याचे काहींना हसू येईल. आमच्याकडे पाणी म्हणजे पंचगंगा, रंकाळा आणि शेतातली विहीर. पण जरा मागे वळून पाहा. शिवाजी महाराजांनी १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू केले. तो किल्ला पुढे करवीरच्या गादीकडे आला. १७६५ साली इंग्रजांनी तो जिंकला, त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असे भारदस्त नाव दिले आणि लौकरच करवीर दरबाराला परत केला. अखेर १८१२ च्या तहाने मालवण आपल्या हातून गेले. तोवर कोल्हापूरच्या राज्याला बंदर होते, गलबते होती, दर्यावर्दी होते. समुद्राशी आमचे नाते नव्हते असे नाही, ते तुटले त्याला दोनशे वर्षे झाली इतकेच.

आता ते पुन्हा जुळू पाहत आहे, आणि तेही एका गमतीच्या वाटेने. मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो. अलीकडे दरवर्षी निकालानंतर एक-दोन मुले येऊन सांगतात, "सर, मला पाणबुड्या व्हायचंय." चौकशी केली की कळते, स्वारी सहलीला तारकर्लीला गेली होती. तिथे पाठीवर हवेची नळी बांधून, शिकवणाऱ्याचा हात धरून पंधरा मिनिटे पाण्याखाली राहिली, रंगीत मासे पाहिले, फोटो काढून आली. गेल्या वर्षी अशाच एका मुलाचे वडील माहितीपत्रक घेऊन आले. परगावच्या कुठल्याशा संस्थेचे, गुळगुळीत कागदाचे. परदेशी नोकरीची हमी आणि काही लाखांची फी. गृहस्थ म्हणाले, "ऊस गेला की भरतो पैसे. पण सर, पोरगं खाली गेलं आणि वर आलंच नाही, तर?"

प्रश्न अडाण्याचा वाटला तरी या धंद्याचे सगळे मर्म त्यातच आहे. पाणबुड्याची विद्या खाली जाण्याची नव्हेच, ती वर येण्याची आहे.

आमच्याकडची पोरे पट्टीची पोहणारी. विहिरीच्या काठावरून सूर मारायचा, तळाची माती मुठीत घेऊन वर यायचे, आणि कोण जास्त वेळ दम धरतो यावर पैज. ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेला वीरधवल खाडे याच गावचा. पण हा दम धरण्याचा अभिमान नळकांडे घेऊन बुडणाऱ्याचा वैरी ठरतो. कसा ते पाहा. समुद्रात दर दहा मीटरला, म्हणजे सुमारे साडेपाच वाव पाण्याला, एका वातावरणाइतका दाब वाढतो. तीस मीटरवर हवेचा एक आणि पाण्याचे तीन, असा चौपट दाब शरीरावर असतो. तिथे नळीतून येणारी हवाही चौपट दाबाची असते, नाहीतर छाती फुगणारच नाही. समजा, तिथे त्याने पाच लिटरचा भरपूर श्वास घेतला, तोंड मिटले आणि घाबरून सरळ वर निघाला. पृष्ठभागाशी तीच हवा वीस लिटर होऊ पाहते. फुप्फुसे रबराची नाहीत, ती फाटतात. विहिरीत हे होत नाही, कारण तिथे आपण काठावरचाच श्वास घेऊन जातो आणि तोच परत आणतो. म्हणून पहिला नियम असा की काही झाले तरी श्वास रोखायचा नाही. चांगल्या पोहणाऱ्याला हा नियम अंगवळणी पाडायला नवशिक्यापेक्षा जास्त वेळ लागला, तर मला नवल वाटणार नाही.

दुसरी गोष्ट समजायला गोटीच्या सोडावॉटरची बाटली आठवा. गोटी बसलेली आहे तोवर पाणी शांत दिसते; गोटी दाबली की बुडबुडे उसळतात. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन असाच रक्तात आणि चरबीत विरघळतो. माणूस सावकाश वर आला तर तो फुप्फुसावाटे निघून जातो. घाईने आला तर रक्तातच बुडबुडे धरतात; सांधे ठणकतात, कधी पाय लुळे पडतात, कधी प्राण जातो. इंग्लंडमधल्या हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने बकऱ्यांना दाबाच्या लोखंडी खोलीत कोंडून याचा अभ्यास केला आणि १९०८ साली वर येण्याचे वेळापत्रक मांडले: किती खोल, किती वेळ, मग कुठल्या पायरीवर किती मिनिटे थांबायचे. आज मनगटावरचे यंत्र हा हिशेब करते, पण पायऱ्यांवर थांबण्याची पद्धत त्या बकऱ्यांचीच देणगी.

यापुढचा प्रकार तर विलक्षण आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, १९७४ साली तेल सापडले ते 'मुंबई हाय'. पाणी तिथे साधारण पंचाहत्तर मीटर खोल. नळांचे जोड तपासणे, कापणे, सांधणे ही कामे तळाशी असतात. रोज खाली जाऊन रोज वर यायचे तर दिवस पायऱ्यांवरच संपेल. म्हणून अशा कामाचे पाणबुडे जहाजावरच्या पोलादी कोठीत तळाइतक्याच दाबात आठवडेच्या आठवडे राहतात. तिथेच जेवण, तिथेच झोप. कामाला जाताना तशाच दाबाच्या घंटेत बसून उतरायचे. एकदा शरीर वायूने पुरते भरले की मग आठवडा राहा नाहीतर तीन आठवडे, दाब उतरवायला लागणारे दिवस तेवढेच. श्वासाला नायट्रोजनऐवजी हेलियम असल्यामुळे आवाज बदकासारखा होतो. घरची आठवणही त्याच आवाजात काढायची! पगार मोठा असतो तो या कैदेचा.

आणि त्याच समुद्राचे दुसरे रूपही सांगितले पाहिजे. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळात तेलक्षेत्रातली पी-३०५ ही कामगारांची बार्ज बुडाली. तीवर २६१ माणसे होती. नौदलाने बहुतेकांना उसळत्या पाण्यातून काढले, तरी सत्तरच्या आसपास माणसे गेली. बुडालेल्या तराफ्याचा शोध घ्यायला नौदलाने पाणबुडे पाठविले, पण त्यांच्याबरोबर 'मकर' हे मोजणीचे जहाजही पाठविले. इथे थोडे थांबा. पाणबुड्याला गढूळ तळाशी हाताच्या अंतरापलीकडचे दिसत नाही. आधी कोणीतरी ध्वनीने तळ चाचपून जागा नेमकी सांगावी लागते. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो. जहाजाखाली सोडलेला नाद एक दशांश सेकंदाने परत आला तर तळ पंचाहत्तर मीटरवर आहे. हिशेब सोपा वाटतो, पण पाणी ऊन की गार, खारट किती, यावर ध्वनीचा वेग बदलतो. ते आधी मोजायचे, भरती-ओहोटीची वजावट करायची, तेव्हा कुठे नकाशावर आकडा उतरतो. हे काम करणारे नावाने ओळखले जात नाहीत. माझ्या विद्यार्थ्यांना मी म्हणतो, पाणबुड्याचे फोटो पाहता तसा हा नकाशाही एकदा पाहा.

सागरी सुरक्षेचेही तसेच. १९९३ च्या बॉम्बस्फोटांची स्फोटके रायगड जिल्ह्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली होती. २६ नोव्हेंबर २००८ ला दहा जण 'कुबेर' ही मच्छीमार नौका पळवून आले आणि रबरी होडीने कुलाब्याच्या कोळीवस्तीशी उतरले. त्यानंतर किनाऱ्याच्या सुरक्षेची मुख्य जबाबदारी नौदलावर आली; १९७७ पासून असलेले तटरक्षक दल आणि राज्याचे सागरी पोलीस त्याच्या जोडीला. मार्च २०२४ मध्ये नौदलाच्या मार्कोस कमांडोंनी विमानातून समुद्रात उड्या टाकून 'रुएन' जहाजावरच्या ३५ चाच्यांना शरण आणले, ते वृत्तपत्रांत झळकले. पण रोजचे काम म्हणजे होड्यांची नोंदणी, खलाशांची ओळखपत्रे, रात्रीची गस्त. आणि तांडेलाशी बोलणे. कारण अनोळखी होडी पहिल्यांदा दिसते ती त्याला. ज्याला गाबिताशी, कोळ्याशी दोन शब्द धड बोलता येत नाहीत त्याने या खात्यात जाऊ नये, असे माझे मत आहे.

आता सल्लागाराचे काम. बंदराचा धक्का, समुद्रात सोडायचे सांडपाणी, किनाऱ्याचा बंधारा, यांना आधी समुद्राचा अभ्यास लागतो. गोव्यात दोना पावलाला १ जानेवारी १९६६ ला स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिच्याच 'गवेषणी' जहाजाने १९८१ साली हिंदी महासागराच्या तळावरून धातूंचे गोळे वर काढले. द्वारकेच्या बुडालेल्या अवशेषांचा शोध घेणारेही तिथलेच. पण गंमत अशी की बंदरांच्या प्रतिकृती करून लाटांची परीक्षा घेणारी मोठी केंद्रीय संशोधन संस्था आहे ती पुण्याजवळ खडकवासल्याला, सह्याद्रीच्या अलीकडे! समुद्राचे काम करायला समुद्रकाठी जन्मावे लागते हा भ्रम तिथे जाऊन एकदा घालवून यावा.

या कामातली कसोटी मात्र कठीण. पावसाळी लाटा किनाऱ्याची वाळू ओढून आत नेतात, उघडीपीत तीच वाळू हळूहळू परत येते. डिसेंबरात येऊन पंधरा दिवस मोजमाप केले तर पुळण भरलेली दिसणारच. समुद्रात आडवा बांध घातला की एका बाजूला वाळू साचते आणि दुसऱ्या बाजूचे माड कोसळू लागतात. ज्याने पैसे दिले त्याला 'दोन्ही ऋतू पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही' असे म्हणायचे, याला तीस मीटर उतरण्याइतकीच छाती लागते. साधी लांबी घ्या. भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर असे आम्ही वर्षानुवर्षे शिकवले. खाड्या-वळणे बारकाईने धरून केलेल्या नव्या मोजणीत तो ११,०९८ किलोमीटर भरला. किनारा वाढला नाही, मोजपट्टी बारीक झाली.

त्या गृहस्थांना मी जे सांगितले ते आता तुम्हालाही सांगतो. सहलीचा किंवा छंदाचा बुडण्याचा दाखला म्हणजे नोकरीचा परवाना नव्हे. पाण्याखाली हत्यारे चालवण्याचे शिक्षण निराळे, त्याची वैद्यकीय तपासणी निराळी. फी भरण्यापूर्वी विचारा: दाब उतरवण्याची कोठी संस्थेची स्वतःची आहे का? दाखला कोणती कंपनी मानते? आधीच्या तुकडीतली मुले आज कुठे आहेत, त्यांच्याशी बोलता येईल का? नौदलात शिपाई म्हणून थेट पाणबुड्या होता येत नाही. आधी नाविक व्हायचे, मग निवड, मग कोचीच्या शाळेत शिक्षण. २०२२ पासून तिथली भरती अग्निवीर म्हणून चार वर्षांची आहे आणि पुढे चौथ्या हिश्श्याइतकेच कायम होतात, हे घरात आधीच बोलून घ्यावे. तटरक्षक दलाची भरती त्या योजनेत नाही. दोन्हीकडे बहुतेक नाविकांना बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागते. ज्याला शास्त्राकडे जायचे त्याला गोवा विद्यापीठ जवळ आहे, रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालय आहे, आणि समुद्राची मोजणी शिकवणारी नौदलाची संस्थाही गोव्यातच आहे.

आणि पहिले काम बिनखर्चाच्या जवळपासचे. कानाच्या डॉक्टरकडे जा. खाली उतरताना दर मीटर-दोन मीटरला नाक दाबून फुंकर मारावी लागते, तेव्हा कानाच्या आतला दाब बाहेरच्याशी जुळतो. ज्याचा पडदा फुटलेला आहे, कान वाहतो, किंवा ज्याला दम्याचा त्रास आहे, त्याला तिथेच अडवतात. विहिरीत पोहून पोहून कान वाहणारी पोरे आमच्याकडे काही कमी नाहीत. त्या मुलाचा डावा पडदा फुटलेला निघाला. उसाचे पैसे वाचले. मुलगा आठ दिवस कोणाशी बोलला नाही, नवव्या दिवशी येऊन विचारू लागला, "सर, ते ध्वनीनं तळ मोजायचं शिकायला कानाचा पडदा लागतो का?"