एकाच घरातली दोन नागरिकत्वं

कायद्यातली एक तारीख घरात काय करते, ते आता आपण बघू. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. समजा, तिथं दोन भावंडं आहेत. आईवडील दोघंही तिबेटहून आलेले, म्हणजे कायद्याने परदेशी. थोरली १९८६ची, धाकटा १९८८चा, दोघंही इथंच जन्मलेले.

१९५५चा नागरिकत्व कायदा आधी जन्मस्थान बघायचा. भारतात जन्मलात, तर तुम्ही भारतीय. पुढे दुरुस्ती झाली. १ जुलै १९८७पासून जन्मणाऱ्यांसाठी आई किंवा वडील भारतीय असणं गरजेचं झालं. म्हणजे थोरली भारतीय आणि धाकटा परदेशी! ३ डिसेंबर २००४पासून आणखी एक अट आली : दुसरा पालक बेकायदा स्थलांतरित नसावा.

बरं, थोरलीसारख्यांनाही हक्क सहज मिळाला नाही. २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयाने पासपोर्टसाठी लढणाऱ्या अशा एका तरुणीला जन्माने भारतीय मानलं, तेव्हा वाट मोकळी झाली.

आता पुढची पिढी घ्या. थोरलीची मुलं तिच्यामुळे नागरिक ठरू शकतात. धाकट्याच्या मुलांना त्याच्याकडून तो हक्क मिळत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, कायदा आता बाळाकडे बघत नाही, आईवडिलांचे कागद बघतो.