‘क्रॉस’ पिल्लाचा स्वभाव येतो कुठून?

संध्याकाळी फुटाळा तलावावर कुत्रं फिरवायला नेलं की नागपुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘प्युअर आहे का क्रॉस?’’ लॅब्राडॉर आणि गावठी यांचं पिल्लू असेल तर मालक जरा खालच्या आवाजात ‘‘लॅब-क्रॉस’’ म्हणतो. आवाज खाली आणावा असं त्यात काहीच नाही. उलट त्या पिल्लाच्या अंगात आनुवंशिकतेची एक सुंदर गोष्ट दडलेली आहे.

संकर म्हटला की अर्धी आई, अर्धा बाप असा हिशेब आपण मांडतो. कुत्र्यात गुणसूत्रांच्या 39 जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतलं एक गुणसूत्र आईकडून, एक बापाकडून येतं. इथवर हिशेब बरोबर आहे. पण आईच्या जोडीतला कोणता वाटा उतरणार, हे दर पिल्लागणिक नव्याने ठरतं. म्हणून एकाच वेळी जन्मलेली भावंडंही वेगवेगळी निघतात.

जगप्रसिद्ध ‘लॅब्राडूडल’ची सुरुवात याची साक्ष देते. 1980 च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेतले वॉली कॉनरन यांच्याकडे हवाईतल्या एका दृष्टिहीन महिलेची मागणी आली. तिच्या पतीला कुत्र्याची ॲलर्जी होती. कॉनरन यांनी लॅब्राडॉर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली. त्यांचे केस आणि लाळ तपासायला पाठवली, तेव्हा एकच पिल्लू त्या गृहस्थांना सोसलं. त्याचं नाव सुलतान. आईबाप तेच, तरी बाकीची दोन चालली नाहीत.

केसांचा नियम थोडा सोपा आहे. 2009 च्या संशोधनात दिसलं, की कुत्र्यांच्या केसांमधलं बहुतेक वैविध्य अवघ्या तीन जनुकांवर चालतं. आखूड केसांचा गुण लांब केसांवर वरचढ असतो. त्यामुळे गावठी आणि पॉमेरेनियनची पिल्लं बहुधा आखूड केसांची निघतात, आणि आजीचे झुपकेदार केस एखाद्या नातवात परत डोकावतात.

स्वभाव मात्र इतक्या सहज हाती लागत नाही. 2022 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात 18 हजारांहून अधिक कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या दोन हजारांवर कुत्र्यांचे जनुकसंचही वाचले होते. कुत्र्याकुत्र्यांतल्या वागणुकीच्या फरकापैकी जेमतेम 9 टक्के वाटा जातीचा निघाला. ‘लॅब आहे म्हणजे गरीबच असणार’ आणि ‘गावठी आहे म्हणजे चावरंच असणार’ ही दोन्ही वाक्यं म्हणूनच विसरायला हवीत.

मग स्वभाव घडतो कधी? अमेरिकेतल्या बार हार्बर इथे स्कॉट आणि फुलर यांनी अनेक वर्षं कुत्र्यांच्या जाती आणि संकर वाढवून पाहिले. 1965 च्या त्यांच्या ग्रंथानुसार तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा काळ निर्णायक असतो. या दिवसांत माणसांचा हात, मुलांचा गोंगाट, स्कूटरचा आवाज ओळखीचा झाला, तर पुढे भीती कमी राहते. भ्यायलेलं कुत्रंच बहुधा चावतं.

‘क्रॉस म्हणजे काटक’ हा समजही अर्धाच खरा आहे. कॅलिफोर्नियात 2013 मध्ये 27 हजार कुत्र्यांच्या नोंदींतून 24 आनुवंशिक विकार पाहिले गेले. दहा विकार शुद्ध जातींत जास्त आढळले, तेरांत फरक नव्हता, एक संकरांतच अधिक होता. खुब्याच्या सांध्याचा विकार त्या तेरांतला. म्हणून लॅब-क्रॉसची चाल आणि वजन यांवर लक्ष हवंच. शिवाय कुत्र्याला घाम जवळजवळ पंजांपुरताच येतो, बाकी उष्णता ते धापा टाकून बाहेर घालवतं. पारा 45 अंशांवर चढतो त्या मे महिन्यात आपल्या पिल्लाने लॅबचा दाट आतला थर उचलला आहे की गावठीचा पातळ, हे हाताने चाचपून पाहा आणि फिरणं पहाटेच उरका.

पिल्लू घरी आणताना विचारायचा प्रश्न आता बदलायला हवा. ‘‘प्युअर आहे का क्रॉस?’’ याआधी विचारा, ‘‘पहिले तीन महिने हे कुणाच्या अंगाखांद्यावर वाढलं?’’