विखंडन-तुकड्यांचे गॅमा किरण वर्णपटविज्ञान

जड अणुकेंद्रकाचे विखंडन झाल्यावर निर्माण होणाऱ्या तुकड्यांतून बाहेर पडणाऱ्या गॅमा किरणांची ऊर्जा मोजून ते तुकडे ओळखणे आणि त्यांच्या अंतर्रचनेचा अभ्यास करणे, या पद्धतीस विखंडन-तुकड्यांचे गॅमा किरण वर्णपटविज्ञान असे म्हणतात. अणुभट्टीची सुरक्षितता, वापरलेल्या इंधनाची तपासणी आणि केंद्रकीय भौतिकी या तिन्ही क्षेत्रांत ही पद्धत वापरली जाते. भारतात या विषयावरील संशोधन प्रामुख्याने मुंबईतील भाभा अणु संशोधन केंद्र (ट्रॉम्बे) आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था (कुलाबा) येथे झाले आहे.

पार्श्वभूमी

ओटो हान व फ्रित्झ श्ट्रासमान यांना डिसेंबर १९३८ मध्ये न्यूट्रॉनांचा मारा केलेल्या युरेनियममध्ये बेरियम आढळले. लिझे माइटनर व ओटो फ्रिश यांनी त्याचा अर्थ विखंडन असा लावला. युरेनियम-२३५ औष्णिक न्यूट्रॉन शोषून फुटते तेव्हा बहुधा दोन असमान तुकडे होतात. हलक्या तुकड्यांचे वस्तुमानांक ९५ च्या, तर जड तुकड्यांचे १४० च्या आसपास एकवटलेले असतात. मात्र प्रत्येक विखंडनात तीच जोडी मिळत नाही. शेकडो वेगवेगळी केंद्रके निर्माण होतात. त्यामुळे कोणता तुकडा किती प्रमाणात तयार झाला, हे ठरवणे हा या विषयातील पहिला प्रश्न होय.

एका विखंडनात सुमारे २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मुक्त होते व तिचा बहुतांश भाग तुकड्यांच्या गतिज ऊर्जेच्या रूपात असतो. उत्तेजित तुकडे प्रथम न्यूट्रॉन बाहेर टाकतात (युरेनियम-२३५ साठी सरासरी सुमारे २.४) आणि नंतर गॅमा किरण उत्सर्जित करतात. केंद्रकाच्या ऊर्जा-पातळ्या ठरावीक असल्यामुळे या किरणांची ऊर्जाही ठरावीक असते. म्हणून प्रत्येक गॅमा रेषा त्या केंद्रकाची ओळखखूण ठरते.

विलंबित गॅमा किरणांचे मापन

तुकड्यांत न्यूट्रॉनांचे प्रमाण जास्त असल्यामुळे ते बीटा क्षयाने क्रमाक्रमाने स्थिर केंद्रकांकडे जातात. उदाहरणार्थ, झेनॉन-१४० पासून सीझियम, बेरियम व लँथॅनम या मार्गाने स्थिर सीरियम-१४० तयार होते. या साखळीतील बेरियम-१४० चे अर्धायुष्य सुमारे १२.८ दिवस असून त्याची ५३७ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट (किइव्हो) ही रेषा ठळक असते. लँथॅनम-१४० ची १५९६ किइव्हो ही रेषाही तशीच आहे.

मापनासाठी विखंडनक्षम पदार्थाच्या पातळ थराला ॲल्युमिनियमचा पत्रा लावून त्यावर न्यूट्रॉन किंवा आयनांचा मारा करतात. थरातून उसळलेले तुकडे पत्र्यात रुततात. नंतर तो पत्रा जर्मेनियम शोधकासमोर ठेवून काही मिनिटांपासून काही आठवड्यांपर्यंत वेळोवेळी वर्णपट नोंदवतात. रेषेची ऊर्जा आणि तिच्या तीव्रतेतील घट या दोन्ही गोष्टी जुळल्या, तरच ओळख पक्की मानली जाते. शोधकाची कार्यक्षमता व मोजणीपूर्वी झालेला क्षय विचारात घेऊन त्या तुकड्याचे उत्पादन-प्रमाण काढता येते.

तत्क्षण गॅमा किरणांचे मापन

अतिशय अल्पायुषी तुकड्यांसाठी वरील पद्धत उपयोगी पडत नाही. अशा वेळी विखंडन होताच, बहुतांशी एका नॅनोसेकंदाच्या आत, बाहेर पडणारे किरण मोजावे लागतात. शेकडो केंद्रकांच्या रेषा एकमेकींवर चढलेल्या असल्यामुळे एका शोधकाच्या वर्णपटातून फारसा उलगडा होत नाही. यावर उपाय म्हणजे अनेक शोधकांत एकाच वेळी आलेल्या किरणांची जोडीने किंवा तिहेरी नोंद घेणे.

विखंडनात प्रोटॉन क्वचितच सुटे होतात, त्यामुळे दोन्ही तुकड्यांच्या अणुक्रमांकांची बेरीज कायम राहते. युरेनियमसाठी ती ९२ असते. म्हणून बेरियमचा (५६) जोडीदार क्रिप्टॉन (३६) असतो. बेरियम-१४४ ची १९९ किइव्हो ही रेषा निवडल्यास तिच्यासोबत क्रिप्टॉन-९० ची ७०७ किइव्हो ही रेषा दिसू शकते. वस्तुमानांक २३६ मधून १४४ व ९० वजा केल्यावर उरणारे २ हे त्या विखंडनात सुटलेल्या न्यूट्रॉनांची संख्या सांगतात.

तुकड्यांचा वेग प्रकाशवेगाच्या सुमारे ३ ते ५ टक्के असल्यामुळे डॉप्लर परिणामाने रेषा पसरतात. जाड लक्ष्य वापरल्यास तुकडे त्यातच थांबतात व त्यानंतर उत्सर्जित होणाऱ्या किरणांच्या रेषा अरुंद राहतात.

महाराष्ट्रातील संशोधन

ट्रॉम्बे येथील अप्सरा ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. १०० मेगावॅट क्षमतेची ध्रुव अणुभट्टी १९८५ मध्ये क्रांतिक अवस्थेत पोहोचली. या भट्ट्यांतील न्यूट्रॉनांमुळे विखंडन-उत्पादांच्या मोजणीला आधार मिळाला. ध्रुव येथे तत्क्षण गॅमा किरणांच्या अभ्यासासाठी ‘दुर्गा’ नावाची शोधक-मांडणी उभारण्यात आली. तिच्यातील ‘क्लोव्हर’ शोधकात जर्मेनियमचे चार स्फटिक चार पाकळ्यांप्रमाणे एकत्र बसवलेले असतात व ते द्रव नायट्रोजनने थंड ठेवले जातात.

कुलाबा येथे दोन्ही संस्थांचा संयुक्त पेलेट्रॉन त्वरक १९८८ पासून कार्यरत आहे. त्यातील जड आयनांनी विखंडन घडवून तुकड्यांचा अभ्यास करता येतो.

महत्त्व व मर्यादा

अणुभट्टी बंद केल्यावरही विखंडन-उत्पादांच्या क्षयामुळे उष्णता निर्माण होत राहते. बंद होताक्षणी ती पूर्ण शक्तीच्या सुमारे ६ ते ७ टक्के असते. शीतकरण व्यवस्था किती काळ चालू ठेवायची हे या उष्णतेवर अवलंबून असल्याने तिचे गणित अचूक असावे लागते. मात्र जर्मेनियम शोधक उच्च ऊर्जेच्या अनेक क्षीण रेषा टिपू शकत नाहीत. त्यामुळे क्षयातील गॅमा ऊर्जेचा अंदाज कमी येतो. या त्रुटीस ‘पँडेमोनियम परिणाम’ म्हणतात. ती दूर करण्यासाठी सर्व किरण शोषून घेणारे मोठे स्फटिक-शोधक वापरले जातात. वापरलेल्या इंधनाचे ज्वलन किती झाले, हे सीझियम-१३७ च्या क्षयातील ६६२ किइव्हो रेषेवरून ठरवता येते.

मूलभूत संशोधनातही या पद्धतीने नवे निष्कर्ष दिले आहेत. विखंडनापूर्वी परिवलन नसलेल्या किंवा अत्यल्प असलेल्या केंद्रकाचे तुकडे मात्र वेगाने परिवलन करताना आढळतात. फ्रान्समधील ऑर्से येथील प्रयोगात दोन्ही तुकड्यांची परिवलने एकमेकांशी संबंधित नसल्याचे २०२१ मध्ये दिसून आले. त्यावरून हे परिवलन तुकडे विलग झाल्यानंतर उत्पन्न होते, असा निष्कर्ष संशोधकांनी मांडला. या स्पष्टीकरणावर सैद्धांतिक चर्चा चालू आहे.