सरकीची ढेप कोंबडीला चालेल का?

दिवाळीनंतर उमरखेडच्या बाजूला गेलात, तर कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघालेल्या दिसतील. १०० किलो कापसातून रुई निघते सुमारे ३४ किलो. उरलेले ओझे बहुतेक सरकीचे! सरकीचे तेल काढले की मागे राहते ती ढेप. ती गाईम्हशी आवडीने खातात. मग कोंबडीला का घालू नये?

प्रश्न पैशाचा आहे. कोंबडी पाळणाऱ्याचा सर्वांत मोठा खर्च खाद्याचा. त्यात मका ऊर्जेसाठी आणि सोयाबीनची पेंड प्रथिनांसाठी असते. सोयापेंड महागली की स्वस्त ढेपेकडे लक्ष जाणारच. टरफल काढलेल्या सरकीच्या ढेपेत सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. टरफलासकट केलेल्या ढेपेत मात्र तंतू फार, आणि ते कोंबडीला पचत नाहीत.

खरी अडचण पुढेच आहे. तेलाच्या घाणीवरून थोडी साधी सरकी आणा. (पेरणीच्या पाकिटातील मुळीच नको, तिला विषारी औषध चोळलेले असते.) एक बी मधोमध कापून भिंगातून पाहा. पांढुरक्या गरात काळसर ठिपके दिसतील. या ग्रंथींत गॉसिपॉल नावाचे पिवळे द्रव्य असते. कीड दूर ठेवण्याचे हे कपाशीचे हत्यार! नंतर हात साबणाने धुवा.

गाईच्या पोटातील पहिल्या कप्प्यात गॉसिपॉल बरेचसे प्रथिनांशी बांधले जाते व निरुपद्रवी होते. लहान वासरात हा कप्पा तयार झालेला नसतो, म्हणून त्याला जपावे लागते. कोंबडीला तर असा कप्पाच नाही. तिची भूक मंदावते, वाढ खुंटते. अंडी साठवली तर पिवळ्या बलकावर हिरवट-तपकिरी छटा येते, कारण गॉसिपॉल बलकातील लोहाशी संयोग पावते.

मग ढेप चांगली तापवली तर? गॉसिपॉल बांधले जाते खरे, पण कशाशी? प्रथिनांतील लायसिन या अमिनो आम्लाशी! मुळात सरकीत लायसिन कमी. तेही असे अडकले की कोंबडीच्या छातीवर मांस कमी धरते. एक दोष काढताना दुसरा येतो.

मांसाच्या प्रतीची आणखी एक गोष्ट. ढेपेत उरलेल्या तेलात तीन कार्बन अणूंचे कडे असलेली काही मेदाम्ले असतात. संपृक्त मेदाचे असंपृक्तात रूपांतर करणाऱ्या विकराला ती अडवतात. त्यामुळे कोंबडीची चरबी घट्ट होते. म्हणजे खाद्यातील फरक थेट ताटापर्यंत पोचतो!

उपाय आहेत. टरफल काढलेली, तेल नीट निथळलेली ढेप घ्यावी, ती थोडीच वापरावी, खाद्यात लायसिन व लोहाचा क्षार मिसळावा. लोह गॉसिपॉलला आतड्यातच धरून ठेवते. प्रमाण मात्र अंदाजाने ठरवू नये. ढेपेची तपासणी करून तज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे.

२००६ साली अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात कीर्ती राठोड यांच्या गटाने मोठीच मजल मारली. त्यांच्या कपाशीच्या बियांत गॉसिपॉल अगदी थोडे, पण पानांत मात्र पूर्वीइतकेच, म्हणजे झाडाचे हत्यार शाबूत! २०१९ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने ही सरकी माणसांच्या आणि जनावरांच्या खाण्यासाठी मान्य केली.

आपल्या शेतातल्या सरकीत ते ठिपके अजून आहेत. तेव्हा घरी कोणी ‘ढेप स्वस्त आहे, घाला कोंबड्यांना’ म्हणाले, तर आधी एक बी कापून दाखवा.