कासव नेमकं चुकलं कुठे?

बालदोस्तांनो, आज एक समभुज त्रिकोण काढायचाय. पण पेन्सिलीनं नाही हं! कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक कासव आहे. ते चालतं तशी मागे रेघ उमटते. त्याला तीनदा सांगा, 'शंभर पावलं पुढे जा, ६० अंश डावीकडे वळ.' त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा, म्हणजे बरोबरच की! पण पडद्यावर दिसते आडवी पडलेली वाटी. तिचं तोंड उघडंच!

अशा वेळी पुष्कळ मुलं सगळं पुसून टाकतात. नाहीतर हाक मारतात, 'दादा, बघ ना, चालतच नाहीये!' दादा येतो, एक आकडा बदलतो, त्रिकोण तयार. पण चूक कुठे होती ते कळलं कुणाला? दादाला!

प्रोग्राममधल्या चुकीला म्हणतात 'बग', म्हणजे किडा. ती हुडकून दुरुस्त करणं म्हणजे 'डीबगिंग'. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क-२ या अवाढव्य संगणकात खरोखरीचं पाखरू अडकलेलं सापडलं. तिथल्या लोकांनी ते नोंदवहीत चिकटवूनच ठेवलं! (शब्द मात्र त्याहून जुना. एडिसनच्या १८७८ सालच्या पत्रातही तो आहे.)

आपलं कासव आलं 'लोगो' या भाषेतून. मुलांसाठीची ही भाषा १९६७ साली तयार झाली. ती करणाऱ्यांपैकी सेमूर पॅपर्ट यांनी चूक शोधायचं एक झकास हत्यार दिलं. त्याला वीजही लागत नाही. स्वतःच कासव व्हायचं!

समजा, तुम्ही विरारजवळच्या बोळिंजला राहता. अंगणात उतरा, अंगण नसेल तर गच्चीवर जा. आगाशीकडे तोंड करून दहा पावलं चाला. आता ६० अंश डावीकडे वळून पुन्हा चाला. काय झालं? अहो, तुम्ही अजून आगाशीकडेच सरकताय! मागे यायचं तर काटकोनाहूनही जास्त वळायला हवं. किती? १८० मधून ६० वजा करा, १२०. त्रिकोणाच्या आतला कोन ६० अंशांचाच, पण कासव वळतं ते बाहेरच्या कोनातून. असं तीनदा वळलं की झाले ३६०, आणि तोंड पुन्हा आगाशीकडे.

पवईच्या आय.आय.टी.त प्रा. अभिराम रानडे यांनी नवशिक्या विद्यार्थ्यांसाठी 'सिंपलसीपीपी' तयार केलं, त्यातही कासव आहे बरं का! म्हणजे हे काही बाळबोध खूळ नव्हे. त्यात प्रत्येक वळणानंतर 'वेट' ही आज्ञा घातली, की कासव क्षणभर थांबतं आणि वाट कुठे चुकली ते डोळ्यांना दिसतं. पायथॉन शिकत असाल तर एस्टोनिया देशात तयार झालेलं 'थॉनी' घ्या. ते फुकट मिळतं. त्यातला डीबगर प्रोग्राम एकेक पाऊल चालवतो आणि कोणत्या नावात कोणता आकडा आहे ते शेजारी दाखवतो. मात्र बटण दाबण्याआधी 'आता काय होईल' ते वहीत लिहा. मगच पाहा. जिथे तुमचं उत्तर आणि पडदा जुळत नाही, किडा तिथेच आसपास असतो.

आईबाबांनो, मुलानं हाक मारली तर कीबोर्ड हातात घेऊ नका. 'कासव कुठपर्यंत बरोबर गेलं?' एवढंच विचारा.

आणि दोस्तांनो, आता पाच टोकांची चांदणी काढा, हात न उचलता काढतो ना, तशी. दर वेळी ७२ अंश वळवलंत तर पंचकोन होईल. चांदणीला किती हवेत? उतरा अंगणात!