शोधगंगा : निक्षेप कीं उपनिधि ?

विद्यापीठांस सादर होणारे शोधप्रबंध गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' नामक संगणकीय भांडारांत ठेवण्याचा परिपाठ आतां रुळला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनीं, पदवी जाहीर झाल्यावर तीस दिवसांच्या आंत प्रबंधाची संगणकीय प्रत पाठविण्याचें बंधन विद्यापीठांवर घातलें. २०१६ च्या विनियमांनीं तें पदवी देण्यापूर्वींच पुरें करावयास लावलें. पूर्वीं प्रबंध पाहावयाचा म्हणजे प्रवास, अर्ज व ग्रंथपालाची मर्जी. आज नागपुरास बसून दूरच्या विद्यापीठाचा प्रबंध प्रकरणवार उतरवून घेतां येतो. हा लाभ लहान नव्हे.

तथापि प्राध्यापकवर्गानें ही व्यवस्था पाळली आहे. पत्करली आहे असें म्हणवत नाहीं. आपले श्रम दुसरा उचलून नेईल, ही एक शंका. परंतु उघड्या प्रतीवरून केलेली चोरी सांपडते, कपाटांतील प्रतीवरून केलेली सहसा सांपडत नसे. प्रबंध फुकट मिळतो म्हणून प्रकाशक तो छापणार नाहीं, ही दुसरी. ती अगदींच निराधार नाहीं. तिसरी मोठ्यानें कोणी बोलत नाहीं : आंतील चुका जगास दिसतील, आणि खालीं मार्गदर्शक म्हणून सही आपली ! 'शोध' हा शब्द शुध् धातूपासून आला, व त्या धातूचा अर्थ मळ जाणें असा आहे, एवढेंच यावर आमचें म्हणणें. कै. राजवाडे साधनें जमवीत हिंडले तेव्हां दप्तरांचे मालकही रुमाल सोडावयास असेच कांकूं करीत.

खरी अडचण निराळीच आहे. मनूनें अठरा व्यवहारपदांत 'निक्षेप' दुसरें गणिलें आहे. याज्ञवल्क्य 'उपनिधि' सांगतो, तो पेटींत घालून, आंत काय आहे हें न सांगतां दिलेल्या ठेवीचा. दाखवून, मोजून दिलेला तो निक्षेप. शोधगंगेंतील पुष्कळ मराठी प्रबंध या अर्थानें उपनिधि होत. जुने प्रबंध म्हणजे पानांचीं नुसतीं चित्रें. नंतरचे कित्येक युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेले. पडद्यावर आपणांस 'सरंजाम' दिसतें, शोधयंत्रास मात्र तेथें रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो.

याचा चटका आम्हांसही बसला. सरंजामविषयक एका प्रबंधांत एका खेड्याचें नांव आम्हीं यंत्राकडून शोधविलें. तें मिळालें नाहीं, म्हणून उल्लेख नाहीं असें एका टिपणांत लिहूनही बसलों. पुढें सवडीनें पानें चाळतां तें नांव तीन ठिकाणीं निघालें, व एके ठिकाणीं तर आमच्या अनुमानाच्या थेट विरुद्ध. आळस आमचा, हें कबूल. ज्या तरुण अभ्यासकानें आमच्या भरंवशावर तें टिपण उद्धृत केलें, त्यास आम्हीं पत्र लिहिलें आहे.

मार्गदर्शकानें सही करण्यापूर्वीं संगणकीय प्रतींत दोन-चार विशेषनामें देवनागरींत शोधून पाहावीं, व न सांपडल्यास प्रत युनिकोडांत करून मागावी. या कामास घटकाभराहून अधिक वेळ लागत नाहीं.