तुषार संच घड्याळावर, जमीन आपल्या चालीवर

स्वयंचलित तुषार संच बसवला की पाण्याची काळजी मिटली, असं नव्हे. यंत्राला घड्याळ कळतं. वडनेर भोलजीकडची पूर्णाखोऱ्यातली काळी चिकण जमीन कळत नाही. ती पाणी सावकाश पिते. एकरावर १० मिलिमीटर म्हणजे सुमारे ४० हजार लिटर! घाईनं सोडलं तर सरीतून वाहून जातं.

कोवळ्या उसात सरळ कडांचे रिकामे डबे ठिकठिकाणी मांडा, तासभर संच चालवा, पट्टीनं पाणी मोजा. वाहू लागलं तर पाळीचे दोन तुकडे करा, मधे तासाची उसंत ठेवा. दुसऱ्या दिवशी वीतभर उकरून माती मुठीत दाबा. चिकट गोळा झाला तर पाळी लांबवा. भुगा झाला तर उशीरच झाला समजा. आणि मृग बरसला की मे महिन्याची वेळ आधी पुसा, नाहीतर मुळं गुदमरतात.